मिस्त्री म्हणाले, आता नाई

मिस्त्री माणसाचा चेहरा लक्षात ठेवत नसत, शिवण ठेवत. देवळीच्या बाजारात कुणी हात जोडून "ओळखलं का मिस्त्री?" असं विचारलं, की ते आधी त्याच्या पायांकडे बघत, मग कमरेच्या पट्ट्याकडे, मग खांद्यावरच्या पिशवीकडे. तिथे आपल्या हातचं काही दिसलं की चेहरा एकदम उजळायचा. "हो ना गा! तू त डाव्या टाचेवाला. टाच घासून चालते तू. बाप बरा हाये का?" डावी टाच आठवली की त्या माणसाचं गाव, बाप, बहिणीचं लग्न, सगळं मागोमाग आठवायचं. ज्याच्या अंगावर त्यांच्या हातची एकही वस्तू नाही तो माणूस मात्र दहा वेळा भेटला तरी त्यांना परकाच.

आमचं दुकान देवळीत बस स्टँडच्या रस्त्यावर होतं. चपला, पट्टे, कातडी पिशव्या, कंडक्टर लोकांच्या पैशाच्या बॅगा, आणि पोळ्याच्या आधी बैलांचे घुंगरांचे पट्टे. दुकान बाबांचं. गाव त्यांना भाऊ म्हणायचं. आमचं घराणं किराण्याचं. कातड्याला आमच्यात कुणी हात लावला नव्हता आणि बाबांनी हे दुकान टाकलं तेव्हा नातेवाइकांत बरीच कुजबुज झाली, असं आई सांगायची. बाबांना स्वतःला एक टाका घालता येत नव्हता. त्यांनी केळझरहून मिस्त्रींना आणलं. मिस्त्रींच्या घरी बाप, आजा, सगळे कातड्यातच. उंच, वाळके, मान सदा डावीकडे कललेली. शर्टाच्या खिशात धाग्याला लावायच्या मेणाचा खडा असायचा. उन्हाळ्यात तो वितळायचा, त्यामुळे त्यांचे सगळे शर्ट खिशाजवळ पुठ्ठ्यासारखे कडक झालेले.

सकाळी दुकानात येताना ते चपला बाहेर काढत नसत. हातात घेऊन आत येत, स्वतःच्या जागेवर बसत, दोन्ही चपला उलट्या करून टाके बघत आणि मगच कामाला हात घालत. "काल शिवलेलं आज कसं हाये, ते सांगाले दुसरं कोनी येत नाई," असं म्हणत.

दहा वाजता समोरच्या हॉटेलातून चहा यायचा. बाबा गल्ल्यावरून उठत आणि मिस्त्रींच्या शेजारी पोत्यावर जाऊन बसत. कप बाबांना, बशी मिस्त्रींना. दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत, मध्येच हसत. बाबा शिवलेल्या पट्ट्यावरून अंगठा फिरवत आणि मान हलवत. माझा चहा वेगळ्या ग्लासात काउंटरवर यायचा. मी एक्याण्णव साली दुकानात आलो, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला दोनदा आपटल्यावर. माझ्या कुठल्याही कामावरून बाबांनी असा अंगठा फिरवल्याचं मला आठवत नाही. मी शिवलेली पिशवी ते हातात घेत, उलटसुलट करत आणि म्हणत, "मिस्त्रीले दाखव."

मी दाखवायचो. मिस्त्री ती पिशवी दातांत धरून ओढत. हो, दातांत. एक टोक दातांत, दुसरं दोन्ही हातांत, आणि डोळे मिटून असे खेचत की गिऱ्हाईक बघत राहायचं. मग पिशवी माझ्याकडे देत. "तुया टाका झोपते बापू. उभा ठेव त्याले." एवढंच. उभा कसा ठेवायचा ते सांगत नसत. माझ्या बाजूला बसून नुसते शिवत राहत. एका धाग्याला दोन सुया, आरीने पाडलेल्या एकाच भोकातून एक इकडून, एक तिकडून. दोन्ही हात एकदम बाहेर जायचे, पाखरू पंख उघडतं तसे. मी बघायचो आणि माझं डोकं तापायचं.

त्यांच्या त्या शिवण बघण्याच्या वेडापायी एकदा मोठी फजिती झाली. आम्ही दोघं कातडं आणायला वर्ध्याला गेलो होतो. स्टँडवर एक बाई पाठमोरी उभी, खांद्याला चांगली जाडजूड पर्स. मिस्त्रींनी मागून ती पर्स उचलली आणि नाकाजवळ नेऊन टाके मोजायला लागले. बाई किंचाळली. क्षणात वीस-पंचवीस माणसं जमली, कुणीतरी मिस्त्रींची कॉलर धरली. मी चार पावलांवर उभा होतो. पुढे होऊन "हे आमचे मिस्त्री आहेत" एवढं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. लिहायला लाज वाटते, पण मला बरं वाटत होतं. शेवटी देवळीच्या गाडीचा कंडक्टर धावत आला. त्याच्या कमरेची बॅग मिस्त्रींच्या हातची होती. "अरे सोडा त्याले! चोर नाई तो, येडा हाये!" असं ओरडत त्याने त्यांना सोडवलं. गाडीत बसल्यावर मिस्त्री मला म्हणाले, "इंचाले सहा टाके. पट्ट्याजवळ दोरा कच्चा हाये. दिवाळीपर्यंत तुटन. सांगाचं राह्यलं बाईले." मी चार पावलांवर उभा होतो हे त्यांनी पाहिलं होतं की नाही, ते त्यांनी कधीच कळू दिलं नाही.

मशीनचा विषय मी त्र्याण्णव साली काढला. कातडं शिवायची जाड सुईची मशीन. नागपूरला आली होती, वर्ध्यात एका दुकानदाराने घेतली होती आणि त्याच्याकडच्या पिशव्या आमच्या शोकेससमोरूनच लोक घेऊन जायचे. एक पिशवी हाताने शिवायला मिस्त्रींना दीड दिवस लागायचा. मी बाबांना सगळं समजावून सांगितलं. बाबांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाये तुयं. मिस्त्रीले विचार."

"दुकान आपलं आहे बाबा."

"दुकान आपलं हाये. काम त्याचं हाये. तो म्हणन त्या दिवशी घेऊ."

मी मिस्त्रींना विचारलं. ते हसले. "घेऊ ना. पाहून येऊ चाल."

मला वाटलं झालं काम. सकाळच्या गाडीने आम्ही नागपूरला गेलो. दुकानात पाच-सहा मशिनी मांडलेल्या होत्या. मिस्त्रींनी पिशवीतून कातड्याचे तुकडे काढले, म्हशीचं जाड, बकरीचं पातळ, एक जुन्या जोड्याचा घोटा. एकेका मशीनवर बसून दोन तास ते तुकडे शिवत राहिले. कान मशीनच्या धडाला लावून सुईचा आवाज ऐकत. दुकानदार कंटाळला. "चाचा, लेना है कि सिर्फ देखना है?"

"पहले देखूंगा," मिस्त्री शांतपणे म्हणाले, "फिर नहीं लूंगा."

कोपऱ्यात एक काळी, लांब हाताची मशीन होती. तिच्यावर शिवून झाल्यावर ते उठले आणि तिच्यावर असा हात ठेवून उभे राहिले की मला वाटलं आता घेतातच. "लय सुंदर हाये गा," म्हणाले. आवाज वेगळाच होता. मग त्यांनी चाकूने शिवणीचा एकच टाका कापला आणि धाग्याचं टोक ओढलं. पुढचे टाके एकेक करत सुटत गेले. मग स्वतःच्या हाताने शिवलेला तुकडा काढला, तिथेही एक टाका कापला, ओढला. पुढचा टाका हलला नाही.

"मग सगळे लोक मशीनवर का शिवतात?" मी चिडून विचारलं.

"मशीन वाईट नाई ना. तिचं काम येगळं हाये. एकसारख्या पन्नास वस्तू करायच्या असन त मशीन पाह्यजेच. पण वाकडं झालं त हाताचं उसवता येते, आरीची चीर बुजते. मशीनचं भोक कातड्यातून जात नाई."

"मग घ्यायची ना?"

"घेऊ. आता नाई."

परतीच्या गाडीत मी त्यांच्याशी बोललो नाही. ते खिडकीला डोकं लावून झोपले. घरी बाबा दारातच उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या मागून येणाऱ्या मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्रींनी मान हलवली. बाबा म्हणाले, "बरं." त्या एका 'बरं'ने माझी किती रात्रींची झोप गेली ते बाबांना कधीच कळलं नाही.

पुढे दर वर्षी मी विचारायचो आणि दर वर्षी काहीतरी निघायचं. एका वर्षी वीज सारखी जायची, तर म्हणे पायाने चालणारी मशीन येऊ दे. एका वर्षी कातडं ओलसर येत होतं. एका वर्षी म्हणाले, "एकसारख्या पन्नास वस्तू मांगते कोन आपल्याले? ज्या दिवशी मांगतीन त्या दिवशी सांगजो." त्यांचं हे 'आता नाई' गावात इतकं पसरलं की हॉटेलवाला उधारीला नकार देताना मिस्त्रींचा आवाज काढून तेच म्हणायला लागला.

एकदा मी त्यांची आरी लपवली. त्यांच्या बापाची आरी होती ती, लाकडी मूठ अंगठ्याच्या जागी खोलगट झिजलेली. मला बघायचं होतं की तिच्याशिवाय हा माणूस काय करतो. दोन दिवस त्यांनी दुकान उलथंपालथं केलं. कुणावर आवाज चढवला नाही. तिसऱ्या दिवशी येताना त्यांनी मोडक्या छत्रीची काडी घासून, बोरीच्या लाकडात बसवून नवी आरी करून आणली आणि कामाला बसले. बाबांनी ती छत्रीची आरी आठवडाभर येईल त्या गिऱ्हाइकाला काढून दाखवली. "पाहा, याले म्हणते कारागीर!" मी जुनी आरी गुपचूप पोत्याखाली सरकवून ठेवली. सापडल्यावर मिस्त्रींनी ती कपाळाला लावली. मी काउंटरमागे बघत उभा होतो. मी लपवली नसती तर हे कौतुक झालंच नसतं, हा विचार काही केल्या जात नव्हता.

शहाण्णवला माझं लग्न झालं. बायको हिंगणघाटची. तिने महिनाभरात सगळं ओळखलं. "तुमी जेवताना बी त्या मिस्त्रीचंच नाव घेता," ती म्हणाली. "बायको मी हाये का तो?"

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात मी एक गोष्ट बाबांना न सांगता केली. जाम गावाच्या चौकात ट्रकांच्या सीटची कव्हरं शिवणारा एक माणूस धंदा बंद करत होता. त्याच्याकडून त्याची जुनी मशीन घेतली आणि टेम्पोत घालून घरी आणली. मागच्या खोलीत, कापसाच्या पोत्यांआड ठेवली.

"बाबांपासून लपवून काऊन करता?" बायकोने विचारलं.

"पोळ्यापर्यंत. मग सगळ्यांना दाखवतो."

पोळ्याला बैलांच्या पट्ट्यांची मागणी असते. एकसारख्या पन्नास वस्तू हव्या होत्या ना मिस्त्रींना? मी चाळीस जोड्या शिवल्या. मशीन सीट-गाद्यांच्या कामाची, सुई बारीक, दोरा बारीक. मी टाके जवळजवळ घातले, म्हटलं दोरा बारीक आहे तर टाके जास्त घालू. दिसायला ते पट्टे अप्रतिम झाले. सरळ रेघ, लाल गोंडे, चकचकीत घुंगरं. दुकानात न ठेवता बाजारात एका ओळखीच्याकडे विकायला दिले. तीन दिवसांत संपले. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली जे बैल उभे राहिले त्यांतल्या निम्म्यांच्या गळ्यात माझे पट्टे होते. मी बाबांना मुद्दाम सोबत नेलं. तिथेच सांगायचं ठरवलं होतं.

वाजंत्री सुरू झाली, बैलांनी माना झटकल्या, आणि पहिला पट्टा गेला. मग दुसरा. दोरा तुटला नव्हता, कातडं फाटलं होतं. एवढ्या जवळ पाडलेल्या भोकांवरून पट्टा असा फाटत गेला, जसं पोस्टाचं तिकीट कडेवरून फाटतं. घुंगरं चिखलात पडली. एका तांबड्या बैलाच्या पुढच्या पायात लोंबता पट्टा अडकला आणि तो सगळ्या गावासमोर गुडघ्यांवर आला. पोळ्याच्या दिवशी बैल पडला. त्याचा म्हातारा मालक मटकन खाली बसला आणि बैलाच्या कपाळाला कपाळ लावून रडायला लागला. बाबा माझ्या शेजारीच उभे होते.

दुसऱ्या दिवशी तो म्हातारा तुटका पट्टा घेऊन दुकानात आला. मागे आणखी सात-आठ जण. बाजारवाल्याने आमचं नाव सांगितलं होतं. "भाऊ, हे कोनी शिवलं?" म्हाताऱ्याने पट्टा काउंटरवर आपटला. बाबांनी पट्टा उचलला. टाके त्यांनाही कळत होते. इतकी वर्षं त्यांनी अंगठा फिरवला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"म्या शिवलं," मिस्त्री बसल्या जागेवरून म्हणाले.

म्हातारा वळला. "तू? खोटं नको बोलू. तुयं काम मी वळखतो."

"डोळ्याले कमी दिसून राह्यलं बावा. चुकलं. आना इकडं सारे पट्टे, दुसरे करून देतो."

त्या दिवसापासून पंधरा दिवस मिस्त्री पट्टे शिवत होते. मीही बसलो त्यांच्याजवळ, दुसरं करणार काय? मुकाट्याने शिवलं. गावात मात्र बोललं जायला लागलं की मिस्त्रींचे डोळे गेले. काही जुनी गिऱ्हाइकं वर्ध्याच्या दुकानाकडे वळली. कंडक्टर लोक बॅग देताना दोनदा विचारायला लागले. बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. दहाचा चहा आला की पूर्वीसारखेच पोत्यावर जाऊन बसत, आता कप मिस्त्रींपुढे सरकवत आणि स्वतः बशी घेत.

मला वाटलं होतं की आता तरी मी त्या माणसाचा राग करायचं थांबवेन. उलटं झालं. माझी चूकसुद्धा त्याने नेली आणि त्यातून तोच मोठा झाला, असं मला वाटत राहिलं. जामची मशीन मी भंगारात दिली. आणि शिवायला लागलो, हाताने, दोन सुयांनी, रोज, डोकं खाली घालून. कुणासाठी म्हणून नाही, त्याच्यापेक्षा चांगलं शिवायचं म्हणून. दोन-तीन वर्षांनी माझी पिशवी दातांत धरून ओढल्यावर मिस्त्री काहीच बोलेनासे झाले. पिशवी ठेवून द्यायचे, बस. आणि मी मशीनचं विचारलं की मात्र तेच, आता नाई.

बाबा दोन हजार तीनच्या थंडीत गेले. वर्ध्याच्या दवाखान्यात तीन आठवडे होते. मी पायथ्याशी बसून पाय चेपायचो, आणि डोळे उघडले की बाबा विचारायचे, "मिस्त्री आला का?" मिस्त्री रोज दुकान बंद करून गाडीने यायचे, उशाशी स्टूल घेऊन बसायचे. बाबा त्यांचा हात हातात घेऊन काहीतरी पुटपुटायचे. पायथ्याशी ते ऐकू येत नव्हतं. शेवटच्या दिवशीही तो हात मिस्त्रींचाच होता.

बाबांच्या तेराव्यानंतर महिनाभराने दुकान नीट सुरू झालं. दहा वाजता हॉटेलवाल्याने सवयीने कप-बशी आणून मिस्त्रींजवळ ठेवली. मी काउंटरवरूनच बघत होतो. मिस्त्रींनी कपातला अर्धा चहा बशीत ओतला, कप पोत्याच्या दिशेने सरकवला आणि मला खूण केली. मी जाऊन बसलो. आम्ही दोघं असे कधी बसलो नव्हतो.

"मशीन घेऊन टाक आता," ते म्हणाले.

"आता काऊन?"

"आता भाऊ नाईत म्हून."

"म्हणजे?"

मिस्त्रींनी आरी खाली ठेवली. "पहिले चार-पाच वर्षं खरंच वेळ आली नव्हती. तुया हात कच्चा होता. कच्च्या हाताखाली मशीन देली त चूक बी सपाट्यानं होते. ते पाह्यलं तू. पण मंग तुया हात पक्का झाला. पोळ्याच्या दुसऱ्याच वर्षी झाला. तव्हाच सांगाले पाह्यजे होतं मी. नाई सांगतलं."

"काऊन नाई सांगतलं?"

"जळत होतो तुयावर."

थट्टा करायची त्यांची रीत नव्हती.

"मशीन आली असती त दुकान तू एकट्यानं चालवलं असतं," ते म्हणाले. "मंग भाऊ माह्यापाशी काऊन बसले असते? तू कसंबी शिव, दुकान तुयंच. बोर्डावर तुया बापाचं नाव. मी कितीबी चांगलं शिवलं तरी सांजच्याले उठून घरी. भाऊंनी मले लय देलं. माह्याजवळ बसले, संग चहा पेले, लोकाईले आवडत नव्हतं तरी पेले. पण बोलत काय होते मालूम हाये? रोज तुयं. आज पोरानं काय शिवलं, टाका उभा राह्यला का, जमन का त्याले. पोत्यावर बसून सारं तुयंच. दवाखान्यात माहा हात धरला होता ना? 'पोराले सोडू नको' म्हणत होते. हात माहा, अन् गोष्ट तुयी."

बाहेर पुलगावची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. "आणि पोळ्याच्या वेळी? माझं नाव का नाही सांगितलं?"

"तुयासाठी नाई," ते चटकन म्हणाले. "तसं समजू नको. नाव सांगतलं असतं त भाऊ तुयावर चिडले असते, दोन घंटे बसवून बोलले असते तुयासंग. तेवढे दोन घंटे बी माह्याच्यानं देववले नाई."

इतकी वर्षं मी ज्या कुजबुजीवर जळत होतो ती माझ्याबद्दलची होती. आणि जो माणूस ती ऐकत होता तो तिथे बसून माझ्यावर जळत होता. मला आनंद व्हायला हवा होता. मला बाबांचा राग आला, भयंकर राग. त्यातलं एक वाक्य त्यांनी काउंटरपर्यंत येऊन सांगितलं असतं तर? मग वाटलं, माझं मी मिस्त्रींना सांगावं. वर्ध्याच्या स्टँडवरचं, आरीचं, सगळं. त्यांनी किती सरळ सांगून टाकलं होतं! आणि लगेच तेच डोक्यात आलं, हेसुद्धा त्यांनी माझ्या आधी केलं. "चहा गार झाला मिस्त्री," एवढंच म्हटलं आणि कप घेऊन उठलो.

नागपूरला आम्ही दोघंच गेलो. मिस्त्रींनी तुकडे आणले नव्हते. दहा मिनिटांत त्यांनी मशीनवर हात ठेवला आणि म्हणाले, "हे." पायाची, लांब हाताची, जाड सुईची. मी म्हटलं एकदा शिवून तरी बघा. म्हणाले, "कायले? कोन्ती घ्याची ते मालूमच होतं ना."

मशीन दुकानात बसवली तो दिवस मला चांगला आठवतो. एका शाळेच्या मास्तरांना कार्यक्रमात द्यायला एकसारखी पाकिटं हवी होती. ते स्वतः समोर उभे होते. मी सकाळपासून मशीनवर बसलो होतो. चालवता येत होती, जामच्या मशीनवर हात बसलेला होता, पण कोपऱ्यावर येताना शिवण जराशी ढळत होती. मिस्त्री बाजूला बसून बघत होते. तासाभराने म्हणाले, "उठ जरासा. पाहू दे मले."

त्यांनी पाय ठेवला. पहिलं पाकीट सावकाश शिवलं. दुसरं जरा वेगात. तिसऱ्याला मशीन त्यांच्या पायाखाली अशी चालायला लागली जशी ती त्यांच्याच घरची आहे. कोपऱ्यावर आले की सुई खाली ठेवून कातडं फिरवत आणि पुढे निघत. एक टाका इकडचा तिकडे नाही. मास्तरांनी पाकीट उचललं, उलटं केलं, त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "वा मिस्त्री, मशीनवर पण तुमचाच हात!"

माझ्या छातीत जुनी आग लागली. तीच ती, जराही कमी झाली नव्हती. हाताने शिवण्यात मी यांच्या बरोबरीला आलो होतो, मशीन तरी माझी होती, मीच मागितली होती, मीच वाट बघितली होती. आणि हा माणूस तासाभरात त्यावरही माझ्यापुढे गेला.

मास्तर समोर असतानाच मी बोललो. "मिस्त्री, मी बी जळतो तुमच्यावर. आता या घडीले बी जळून राह्यलो. आपण नागपूरले गेलतो, त्या पहिल्या वेळेपासून. अकरा वर्षं झाली."

मास्तर पाकीट हातात धरून माझ्याकडे बघायला लागले. मिस्त्रींचा पाय थांबला नाही. त्यांनी शिवण कोपऱ्यापर्यंत नेली, सुई खाली ठेवली, कातडं फिरवलं.

"अकरा कायचे?" ते मान वर न करता म्हणाले. "तू दुकानात आला त्या दिवसापासून. तेरा झाले." आणि मग, "सरक तिकडं. उजेड अडवून राह्यला तू."

मी सरकलो.